कोलीन गेलं की उठायचं

'एकटी? म्हणजे अगदी एकटी?'

हा प्रश्न मला एका रात्रीत तिघींनी विचारला. आधी प्रागमध्ये जिच्या घरी मी उतरले होते त्या मैत्रिणीने, मग आईने ठाण्याहून फोनवर, आणि शेवटी दात घासताना आरशातल्या बाईने.

त्याचं झालं असं, की सप्टेंबरात मी दहा दिवसांसाठी प्रागला गेले होते. मैत्रीण तिथे एका आयटी कंपनीत आहे. तिने महिनाभर आधीच बेत आखला होता. बुधवारी सुट्टी टाकायची, दोघींनी ट्रेनने कुत्ना होरा नावाच्या जुन्या गावी जायचं, सकाळी निघून संध्याकाळी परत. पण मंगळवारी संध्याकाळी तिच्या बॉसचा मेल आला. क्लायंट, डेडलाइन, बुधवारी सकाळी नऊला मीटिंग. तुम्ही ऑफिसात काम करत असाल तर पुढचं सांगायला नको.

'एकटी जाशील? म्हणजे अगदी एकटी?' असं विचारून झाल्यावर तीच म्हणाली, 'अगं, जा की! तासाभराचा तर प्रवास आहे. ठाण्याहून कर्जतला चाललीयेस असं समज.'

आता, मी काही घराबाहेर न पडलेली मुलगी नाही. फ्रीलान्स पत्रकारिता करते, कामासाठी सोलापूरपासून सिलिगुडीपर्यंत एकटी फिरलेय. पण कामासाठी एकटं जाणं वेगळं. तिथे कुणीतरी वाट बघत असतं, कुणाचा तरी नंबर वहीत असतो, जेवायला कुणीतरी घेऊन जातं. निव्वळ मजेसाठी, जिथे कुणीही आपली वाट बघत नाही अशा गावी, एकटीने? कधीच नाही. इतकंच काय, हॉटेलात एकटीने टेबल अडवून नीट जेवलेसुद्धा नव्हते. वय वर्षं २८!

बाबांची चिठ्ठी

आमच्या घरात प्रवासाचं खातं बाबांकडे होतं. ते बँकेत होते, पण जीव रेल्वेत अडकलेला. टाइमटेबल ते कादंबरीसारखं वाचायचे. मी पहिल्यांदा एकटी पुण्याला निघाले, तेव्हा त्यांनी बँकेच्या जुन्या स्लिपच्या मागे एक चिठ्ठी लिहून दिली. गाडीचं नाव, सुटण्याची वेळ, डबा. आणि खाली, आपलं स्टेशन येण्याआधीची स्टेशनं. 'खडकी गेलं की सामान घेऊन उठायचं. शिवाजीनगरला गोंधळू नये, ते पुणे नव्हे.' पुढे माझ्या फोनवर सगळं दिसायला लागलं, गाडी कुठे आहे ते मला बाबांच्या आधी कळायला लागलं, तरी चिठ्ठी येतच राहिली. मी हसायचे, आणि ती पर्समध्ये ठेवायचे.

गेल्या वर्षी फेब्रुवारीत बाबा गेले.

त्या मंगळवारी रात्री मैत्रीण झोपल्यावर मी तिच्या फ्रिजवरचा एक पिवळा कागद काढला आणि स्वतःच स्वतःला चिठ्ठी लिहिली. 'प्राग मुख्य स्टेशन. ब्रनोकडे जाणारी गाडी. कोलीन गेलं की उठायचं. पुढचं कुत्ना होरा.' लिहून झाल्यावर जरा बरं वाटलं. झोप मात्र आली नाही.

प्लॅटफॉर्म नंबर एक

प्रागच्या मुख्य स्टेशनला 'ह्लाव्नी नाद्राझी' म्हणतात. म्हणजे शब्दशः मुख्य स्टेशनच. खालचा भाग मॉलसारखा, चकचकीत, घाईतल्या माणसांनी भरलेला. पण जिना चढून वर गेलात की जुनी इमारत लागते. योसेफ फांता या आर्किटेक्टने ती १९०१ ते १९०९ या काळात उभारली. रंगीत काचा, पुतळे आणि वर भलामोठा घुमट. आपल्या सीएसएमटीवर वाढलेल्या माणसाला तिथे लगेच घरच्यासारखं वाटतं.

प्लॅटफॉर्म एकवर एक पुतळा आहे. चष्मा लावलेला माणूस, कडेवर एक मूल, शेजारी एक मुलगी आणि सूटकेस. हे निकोलस विंटन. १९३९मध्ये नाझींच्या तावडीतून ६६९ मुलांना गाड्यांनी ब्रिटनला पाठवणारा माणूस. मुलं बहुतेक ज्यू. गाड्या याच स्टेशनातून सुटल्या. शेवटची गाडी १ सप्टेंबर १९३९ला निघायची होती. त्याच दिवशी युद्ध पेटलं आणि ती निघालीच नाही. स्टेशनात आणखी एक स्मारक आहे. ट्रेनचं दार, एका बाजूला आईवडिलांच्या हातांचे ठसे, दुसऱ्या बाजूला मुलांच्या.

मी पुतळ्यासमोर कॉफीचा कप घेऊन उभी होते. ती मुलं सहा-आठ वर्षांची, एकटी, भाषा न येणाऱ्या देशात निघालेली. आणि मी २८ वर्षांची, रिटर्न तिकीट आणि इंटरनेट खिशात असलेली, रात्रभर जागी. म्हटलं, बाई, चल आता!

दार उघडलंच नाही

गाडी छान होती. स्वच्छ, शांत, मोठ्या खिडक्या. बाहेर कापणी झालेली शेतं, लाल कौलांची घरं, मधूनच चर्चचा टोकदार मनोरा. मी शेवटच्या डब्यात, चिठ्ठी हातात. कोलीन आलं. कोलीन गेलं. मी उठले. लोकलमध्ये मुरलेल्या माणसाला हे शिकवावं लागत नाही. स्टेशन यायच्या आधीच दाराशी, पर्स पुढे, पाय रोवून.

कुत्ना होरा आलं. गाडी थांबली. मी दारासमोर उभी. दार उघडेना. मला वाटलं, उघडेल आता. दिल्ली मेट्रोत नाही का उघडत! पलीकडच्या डब्यांतून माणसं उतरून चालायला लागलेली मला काचेतून दिसत होती. दाराच्या कडेला एक हिरवा दिवा लुकलुकत होता, तोही दिसत होता. फक्त तो दिवा म्हणजे बटण आहे आणि ते आपण दाबायचं असतं, हे मला ठाऊक नव्हतं. शिट्टी झाली आणि माझ्यासमोरून माझं स्टेशन निघून गेलं.

त्या क्षणी काय केलं सांगू? फोन काढला आणि 'बी' अक्षर दाबलं. 'बाबा' सगळ्यात वर आलं. नंबर मी अजून डिलीट केलेला नाही. बोट तिथेच थांबलं.

मग पहिल्यांदाच लक्षात आलं, की या क्षणी मी कुठे आहे हे जगात कुणालाही माहीत नाही. मैत्रीण मीटिंगमध्ये, आई झोपाळ्यावर पेपर वाचत असणार. घाबरायला झालं, खोटं कशाला बोलू! पण ते फार वेळ टिकलं नाही, कारण तिकीट तपासणाऱ्या बाई आल्या. मी चिठ्ठी दाखवली, मागे बोट दाखवलं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, हसल्या, आणि हवेत एका बोटाने बटण दाबल्याची खूण केली. मग म्हणाल्या, 'चास्लाव.' आणि हाताने उलट फिरायची खूण.

चास्लाव हे पुढचं गाव, दहाएक किलोमीटरवर. तिथे मी बटण इतक्या जोरात दाबलं की बोट दुखलं. खिडकीवर जाऊन परतीचं तिकीट काढलं आणि बाकावर बसले. पुढच्या गाडीला पाऊण तास होता. वेळ घालवायला फोनवर गावाबद्दल शोधलं, तर काय! 'अमेडियस' आणि 'वन फ्लू ओव्हर द ककूज नेस्ट'वाला दिग्दर्शक मिलोश फोरमन याच गावचा. १९३२चा जन्म. त्याचे आईवडील युद्धात नाझींच्या छळछावण्यांमध्ये गेले. जिथे यायचंच नव्हतं त्या स्टेशनवर बसून मी बिस्किटं खाल्ली, ऊन खाल्लं, आणि माझ्या लक्षात आलं की माझ्यावर कुणी चिडलेलं नाहीये. 'तुला सांगितलं होतं' म्हणायला कुणी नव्हतं. चूक माझी, पाऊण तासही माझाच.

चाळीस हजार माणसं

कुत्ना होराचं मुख्य स्टेशन गावात नाहीच. ते सेद्लेत्स या उपनगरात आहे, जुन्या गावापासून तीनेक किलोमीटर अलीकडे. पण इथली सगळ्यात प्रसिद्ध जागा याच बाजूला आहे. स्टेशनवरून दहा-पंधरा मिनिटं चालत गेलात की एक दफनभूमी, तिच्यामधोमध छोटं दुमजली चर्च. चर्चच्या तळघरात माणसांची हाडं रचून ठेवलीत. इथे त्याला 'कोस्तनित्से' म्हणतात. अस्थिगृह म्हणू या.

याची गोष्ट अशी. इथे सिस्टर्शियन साधूंचा मठ होता, ११४२ साली स्थापन झालेला. १२७८मध्ये मठाधिपती जेरुसलेमला गेले आणि येताना येशूला जिथे क्रूसावर चढवलं त्या टेकडीवरची मूठभर माती घेऊन आले, ती त्यांनी या दफनभूमीत पसरली, असं सांगतात. झालं! मग जो तो म्हणू लागला, मेल्यावर मला इथेच पुरा. चौदाव्या शतकात प्लेगची साथ आली, पंधराव्या शतकाच्या सुरुवातीला हुसाइट युद्धं झाली. माणसं इतकी आली की जमीन पुरेना. जुनी हाडं उकरून चर्चखाली ठेवली गेली. अंदाजे ४० हजार माणसांची हाडं. १८७०मध्ये श्वार्झेनबर्ग या सरदार घराण्याने फ्रांटिशेक रिंट नावाच्या लाकूड कोरणाऱ्या कारागिराला त्यांची मांडणी करायचं काम दिलं. त्याने हाडांचं झुंबर केलं. माणसाच्या शरीरातलं प्रत्येक प्रकारचं हाड त्यात आहे म्हणतात. श्वार्झेनबर्गांचं मानचिन्ह केलं. आणि काम संपल्यावर भिंतीवर आपलं नावही लिहिलं, हाडांनीच.

फोटो काढायला बंदी आहे. सेल्फीवाल्यांचा उच्छाद झाल्यावर २०२०पासून परवानगीशिवाय कॅमेरा चालत नाही. हे एका अर्थी बरंच झालं, कारण फोटो काढता येत नसेल तर बघावंच लागतं.

जाताना मला वाटलं होतं, हॉरर सिनेमासारखं असेल. किंचाळून बाहेर येऊ, रात्री मैत्रिणीला मसाला लावून सांगू. पण तसं काही नाही. थंड, थोडीशी ओलसर खोली. हाडांचा रंग भीतीदायक पांढरा नाही, जुन्या पुस्तकांच्या पानांसारखा पिवळट तपकिरी. कोपऱ्यांत कवट्या आणि लांब हाडांचे माणसापेक्षा उंच मनोरे. २०१४पासून इथे दुरुस्ती सुरू झाली. हे मनोरे हाड न् हाड सुटं करून, साफ करून, पुन्हा जसेच्या तसे रचायचे, असं ते काम. कुणीतरी रोज डबा घेऊन कामावर येतं आणि दिवसभर अनोळखी माणसांची हाडं हळुवार पुसतं. हे वाचल्यावर मी जागच्या जागी उभी राहिले.

आपल्याकडे अस्थी ठेवायच्या नसतात. तिसऱ्या दिवशी गोळा करायच्या आणि पाण्यात सोडायच्या. बाबांच्या अस्थी घेऊन दादा आणि काका स्मशानातून परस्पर नाशिकला गेले. रामकुंडात सोडल्या. मी घरी होते. आईजवळ कुणीतरी हवं होतं, भेटायला येणाऱ्यांना चहा हवा होता. 'तू येऊ नकोस' असं मला कुणी म्हटलं नाही. 'येतेस का' असंही कुणी विचारलं नाही. आणि 'मी येते' असं मीही म्हटलं नाही. दीड वर्ष मी सगळ्यांना सांगत आले की मला जाता आलं नाही. त्या तळघरात उभं राहून पहिल्यांदा खरं सांगितलं, स्वतःलाच. मी गेले नाही, कारण मला बघायचं नव्हतं. चहा करणं सोपं होतं.

बरोबर मैत्रीण असती तर मी काहीतरी जोक केला असता. नक्कीच केला असता.

माझ्या शेजारी सात-आठ वर्षांची एक मुलगी वडिलांचा हात धरून उभी होती. ती बोटाने कवट्या मोजत होती. तिसाच्या पुढे चुकली, पुन्हा एकपासून सुरू झाली. वडील काही बोलले नाहीत, घाई केली नाही. मी त्यांच्या मागून बाहेर आले आणि दफनभूमीच्या भिंतीला टेकून थोडी रडले. एकटीने फिरण्याचा हा फायदा कुठल्याच गाइडबुकात लिहिलेला नसतो. कुणाला काही समजावून सांगावं लागत नाही.

चांदीचं गाव

जुन्या गावात बसही जाते. मी चालत गेले, अर्ध्या-पाऊण तासाची वाट. चालणं गरजेचं होतं.

गावाच्या नावाची एक दंतकथा आहे. एका साधूला मळ्यात डुलकी लागली. जाग आली तेव्हा जमिनीतून चांदी वर आलेली. खूण म्हणून त्याने आपली कफनी तिथे टाकली आणि मठाकडे पळत सुटला. चेक भाषेत कफनी म्हणजे 'कुत्ना', डोंगर म्हणजे 'होरा'. कफनीचा डोंगर! कथा खरी असो वा नसो, चांदी खरी होती. तेराव्या शतकाच्या शेवटी इथे खाणी सुरू झाल्या आणि हे बोहेमियातलं प्रागखालोखालचं शहर झालं. १३००मध्ये राजा वेन्सेस्लास दुसरा याने इथे टांकसाळ काढली. नाणी पाडायला फ्लॉरेन्सहून तज्ज्ञ बोलावले, म्हणून त्या वाड्याचं नाव आजही 'इटालियन कोर्ट'. इथे पडलेलं 'प्राग ग्रोशेन' हे चांदीचं नाणं मध्य युरोपभर चाले. कन्सल्टंट बाहेरून बोलवायची पद्धत किती जुनी आहे बघा!

चांदी काढणारी माणसं कशी जगायची हे बघायचं असेल तर ह्रादेक या जुन्या गढीतल्या म्युझियममध्ये जा. ते तुम्हाला पांढरा डगला, हेल्मेट आणि दिवा देतात आणि मध्ययुगीन खाणीत उतरवतात. पांढरा डगला अशासाठी, की अंधारात माणूस माणसाला दिसावा. बोगदा काही ठिकाणी इतका अरुंद की तिरकं व्हावं लागतं, इतका बुटका की माझं हेल्मेट सात वेळा आपटलं. खाणकामगार चामड्याच्या ढुंगणपट्टीवर बसून घसरत खाली जायचे. 'ओसेल' नावाची खाण तर सुमारे ५०० मीटर खोल गेली होती. वर यायचं ते शिड्या चढून, दिवसभराच्या कामानंतर. मधेच गाइडने सगळ्यांना दिवे बंद करायला सांगितलं. तो अंधार काही वेगळाच. डोळे मिटले काय, उघडले काय, सारखंच. कुणाचा तरी खोकला ऐकू आला आणि तो किती आपलासा वाटला!

'टेबल फॉर वन'

वर आले तेव्हा दोन वाजून गेले होते आणि पोटात कावळे ओरडत होते. आता तो प्रसंग. हॉटेलात एकटीने जेवण्याचा.

दोन हॉटेलांसमोरून मी मेनू वाचत वाचत पुढे गेले. तिसऱ्याच्या दारात वेटरने विचारलं, 'किती जण?' मी एक बोट वर केलं. सकाळच्या बटणाची आठवण आली आणि हसू फुटलं. त्यानेही हसून खिडकीजवळचं टेबल दिलं.

चेक जेवण म्हणजे मांस आणि पिठाचे वाफवलेले उंडे, म्हणजे 'क्नेद्लिकी'. शाकाहारी माणसाची पंचाईत होते, पण उपाशी राहावं लागत नाही. मी बटाट्याचं सूप मागवलं. दाट, मशरूम घातलेलं, वर मार्जोरामचा वास. मग 'स्माझेनी सिर', म्हणजे चीजची जाड वडी पावाच्या चुऱ्यात घोळवून तळलेली, बरोबर बटाटे. आईच्या भाषेत, नुसतं तेल आणि तूप! पहिली पाच मिनिटं मी फोन चाळला, कारण हाताला काम हवं होतं. मग बॅटरी वाचवायला तो पर्समध्ये टाकला. आणि मग जेवले. शेवटचं कधी मी जेवताना फक्त जेवले होते, मला आठवेना. माझ्याकडे कुणीही बघत नव्हतं. इतकी वर्षं मी ज्यांच्या नजरेला घाबरत होते ती माणसं आपापल्या ताटात बघत होती.

५१७ वर्षांचं काम

सगळ्यात शेवटी सेंट बार्बराचं चर्च. सेंट बार्बरा ही खाणकामगारांची पालक संत. डाव्या हाताला दरी, उजव्या हाताला जेझुइटांचं जुनं कॉलेज, पुतळ्यांची रांग, आणि समोर तंबूसारखी तीन टोकदार छपरं असलेलं ते चर्च. फोटोत बघून जो भव्यपणा वाटतो तो कमीच आहे.

याचं काम १३८८मध्ये सुरू झालं. गावाच्या श्रीमंत लोकांनी ते मठाच्या नाकावर टिच्चून, स्वतःच्या पैशाने काढलं होतं. आधी यान पार्लर, पुढे मात्येय रेयसेक, मग बेनेडिक्ट रीड, असे आर्किटेक्ट बदलत गेले. हुसाइट युद्धांत काम थांबलं, पुन्हा सुरू झालं. मग चांदी संपत आली. पैसे संपले. १५८८मध्ये जेवढं झालं होतं तेवढ्यावर एक तात्पुरती भिंत घातली आणि काम बंद! ती 'तात्पुरती' भिंत तीनशे वर्षं राहिली. चर्च पुरं झालं १९०५मध्ये, मूळ बेतापेक्षा लहान. १३८८ ते १९०५. ५१७ वर्षं. १९९५मध्ये जुनं गाव, हे चर्च आणि सेद्लेत्सचं मोठं चर्च हे सगळं युनेस्कोच्या यादीत गेलं.

आत गेलात की भिंतींवरची जुनी चित्रं बघा. इथे फक्त संत आणि देवदूत नाहीत, नाणी पाडणारे कामगारही आहेत. आणि एक पुतळा आहे खाणकामगाराचा. पांढरा डगला घातलेला, तासाभरापूर्वी मी घातला होता तसाच. त्याच्यापाशी मी बराच वेळ बसले. पहिला दगड ठेवणाऱ्याला माहीत असणार की आपण हे पुरं झालेलं बघणार नाही. त्याच्या नातवालाही ते माहीत असणार. तरी दगड नीट घासलेला आहे. आणि आम्ही! तिशीच्या आत घर, लग्न, प्रमोशन, सगळ्याच्या याद्या. मी तर दुःखाचीसुद्धा डेडलाइन ठरवली होती. वर्षश्राद्ध झालं की संपलं पाहिजे, असं काहीतरी. नाही संपलं, तर तात्पुरती भिंत.

परतीची गाडी

संध्याकाळी गावातल्या छोट्या स्टेशनवरून एक डब्याची चिमुकली गाडी पकडून मुख्य स्टेशनवर आले. प्रागची गाडी लागली. दारासमोर पाठीवर सॅक लावलेलं एक जोडपं उभं होतं, दार उघडायची वाट बघत. मी पुढे झाले आणि हिरवं बटण दाबलं. त्या दोघांनी माझ्याकडे अशा आदराने पाहिलं की जणू मी इथलीच!

प्रागला पोचल्यावर आईला फोन केला. ठाण्यात रात्रीचे अकरा वाजत होते, पण ती जागीच होती.

'पोचले गं.'

'जेवलीस का? एकटीच होतीस ना दिवसभर?'

'हो. एकटीच. आई, मला नाशिकला जायचंय.'

ती थोडा वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, 'जा. सकाळच्या तपोवनने जा. तुझे बाबा तिनेच जायचे.' आणि पुढे, 'मी येऊ का?'

'पुढच्या वेळी दोघी जाऊ. या वेळी एकटी जाते.'

तिकीट काढलंय. चिठ्ठी लिहून झालीय, आमच्या फ्रिजवर लावलीय. 'इगतपुरी गेलं की सामान आवरायचं. देवळाली दिसलं की उठायचं.' खाली एक ओळ जास्तीची आहे. 'दार उघडंच असतं.'

तुम्हालाही जायचंय?

▪ प्रागच्या मुख्य स्टेशनवरून थेट गाड्या आहेत, प्रवास साधारण एक तासाचा. काही गाड्यांना कोलीनला बदलावं लागतं, तिकीट काढताना विचारून घ्या.

▪ चेक रिपब्लिक शेंगेन व्हिसात येतं, पण चलन युरो नाही, कोरुना आहे. थोडी रोकड जवळ ठेवा.

▪ आधी सेद्लेत्स, मग जुनं गाव, अशा क्रमाने फिरलात तर पाय वाचतात. अस्थिगृहाचं तिकीट दारात मिळत नाही, थोडं अलीकडच्या माहिती केंद्रात मिळतं.

▪ खाणीची सफर थंडीत बंद असते आणि गाइडबरोबरच करावी लागते. बंद जागेची भीती वाटणाऱ्यांनी विचार करून उतरावं.

▪ रस्ते दगडी आहेत. हील्स घरी ठेवा.

▪ 'दोब्री देन' म्हणजे नमस्कार, 'द्येकुयी' म्हणजे धन्यवाद. एवढ्यावर दिवस निघतो.

▪ आणि हो, ट्रेनचं बटण दाबा!